नववी ते चौदावी

पोर शाळेत घातले. ते शिकले, दहावी झाले, बारावी झाले. पुढे काय? हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी आहे. शाळा म्हणते, ‘आमचे काम शिकवण्याचे. नोकरीचे तुमचे तुम्ही बघा.’ कारखाना म्हणतो, ‘आम्हाला कामाची माणसे हवीत. शाळेतून येणाऱ्या पोराला काम कुठे येते?’ शाळा नदीच्या एका काठावर आणि कारखाना दुसऱ्या काठावर. मधल्या पाण्यात सापडते ते आपले पोर.

पूर्वी असे नव्हते. सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली रंधा धरायचा. लोहाराचा मुलगा भाता ओढता ओढता तापल्या लोखंडाचा रंग ओळखायला शिकायचा. त्याचे शिकणे आणि त्याचे काम एकाच छपराखाली होते. पण त्या शिकण्यात एक मोठी खोट होती. सुताराच्या पोराने सुतारच व्हायचे. दुसरी वाट नाही. मुलींना तर तीही वाट नाही. आणि अक्षरओळख? तिचे नावच नको.

पुढे यंत्रे आली. गावोगावी शाळा निघाल्या. अक्षर घरी आले, हे फार चांगले झाले. पण शिकणे एकीकडे गेले आणि काम दुसरीकडे गेले. यंत्र बदलले की काम बदलते. शाळेचे पुस्तक मात्र पुष्कळ वर्षे तेच राहते.

मग या दोन काठांवर पूल बांधता येईल का? अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातल्या एका सरकारी शाळेने असा पूल बांधून पाहिला. त्या शाळेची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. जमले ते सांगू आणि अडले तेही सांगू. कारण पूल बांधायचा तर पाणी किती खोल आहे, हे आधी कळले पाहिजे.

शाळा कुठली?

न्यूयॉर्क हे फार मोठे शहर. त्याचे पाच भाग आहेत. त्यांतला एक ब्रुकलिन. ब्रुकलिनमध्ये क्राउन हाइट्स नावाची वस्ती आहे. कृष्णवर्णी लोकांची ही जुनी वस्ती. वेस्ट इंडीज बेटांवरून आलेली पुष्कळ कुटुंबे येथे राहतात.

या वस्तीत पॉल रोबसन यांच्या नावाचे एक हायस्कूल होते. रोबसन हे अमेरिकेतले थोर कृष्णवर्णी गायक आणि नट. नाव मोठे, पण शाळेचे निकाल खालावत गेले. शेवटी शिक्षणखात्याने ती शाळा हळूहळू बंद करायचे ठरवले. त्याच इमारतीत 2011 च्या सप्टेंबरात एक नवी शाळा सुरू झाली. तिचे नाव लांबलचक आहे. ‘पाथवेज इन टेक्नॉलॉजी अर्ली कॉलेज हायस्कूल.’ एवढे कोण म्हणणार? लोक तिला ‘पी-टेक’ म्हणतात. आपणही तेच म्हणू.

अमेरिकेत सरकारी शाळेला फी नसते. शाळा बारावीपर्यंत असते. नववी ते बारावी या चार वर्षांना हायस्कूल म्हणतात. बारावीनंतर कॉलेज. तिथे मात्र पैसा मोजावा लागतो, आणि तो थोडाथोडका नव्हे. पुष्कळ घरांना कॉलेजसाठी कर्ज काढावे लागते. मुलगा शिकून बाहेर पडतो तो डोक्यावर कर्ज घेऊनच. गरिबाघरचे पोर त्या कर्जाच्या भीतीनेच बारावीला थांबते.

पी-टेकने काय केले? शाळा बारावीला थांबवलीच नाही. ती चौदावीपर्यंत नेली. चार वर्षे हायस्कूलची आणि दोन वर्षे कॉलेजची, मिळून सहा वर्षे. ही सहा वर्षे एकाच संस्थेत जोडून दिली. शेवटी मुलाच्या हाती दोन कागद यायचे. एक हायस्कूलचा दाखला आणि दुसरी दोन वर्षांच्या कॉलेजची पदवी. ही पदवी यंत्रविद्येची किंवा संगणकाची. आणि या सगळ्याची फी? एक पैसाही नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या शाळेत यायला प्रवेशपरीक्षा नव्हती. हुशार पोरे वेचून घ्यायची आणि मग निकाल चांगला लागला म्हणून पाठ थोपटून घ्यायची, असे तिथे नव्हते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे नावे निघत. गणितात कच्चा मुलगाही आत येई. घरात पूर्वी कोणी कॉलेजचे तोंड पाहिले नाही, अशीही पुष्कळ मुले आली.

तिघांनी काय काय दिले?

एका हाताने टाळी वाजत नाही. इथे तर तीन हात लागले.

पहिला हात शहराच्या शिक्षणखात्याचा. त्याने इमारत दिली, शिक्षक दिले, त्यांचा पगार दिला. शाळा त्याच्याच ताब्यात राहिली. रशीद डेव्हिस हे शाळेचे पहिले मुख्याध्यापक.

दुसरा हात कॉलेजचा. न्यूयॉर्क शहराचे एक सरकारी विद्यापीठ आहे. त्याचे ‘सिटी टेक’ नावाचे तंत्रशिक्षणाचे कॉलेज ब्रुकलिनमध्येच आहे. त्या कॉलेजने आपले विषय शाळेतल्या मुलांना खुले केले. म्हणजे दहावी-अकरावीतले पोर शाळेत असतानाच कॉलेजचा एखादा विषय घेई. तो पास झाला की त्याचे गुण जमा होत. थेंबे थेंबे तळे साचे, तशी पदवी साचत जाई.

तिसरा हात कंपनीचा. तिचे नाव आयबीएम. 1911 साली स्थापन झालेली ही कंपनी कचेऱ्यांना लागणारी यंत्रे आणि पुढे संगणक बनवून जगभर नावाजली. तिचे मुख्य ठाणे न्यूयॉर्क राज्यातच आहे. तिने चार गोष्टी कबूल केल्या. आमच्याकडे नव्या माणसाला काय काय आले पाहिजे, ते आम्ही लिहून देऊ. मुलांना सल्ला द्यायला आमची नोकर माणसे देऊ. मुलांना उमेदवारी देऊ, तीही पगारी. आणि पदवी पुरी करणाऱ्या मुलाला नोकरीच्या रांगेत पुढे उभे करू.

‘पुढे उभे करू’ हे शब्द नीट वाचा. ‘नोकरी देऊच’ असे ते नव्हते. मुलाखत व्हायची, पारख व्हायची. रांगेत पुढची जागा मिळणे आणि नोकरी मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तरी ज्या वस्तीला रांगच ठाऊक नव्हती, तिला ही जागासुद्धा मोठी होती.

अभ्यास उलटा मांडला

आपली रीत अशी की, आधी पुस्तक शिकायचे आणि मग काम शोधायचे. पी-टेकने सुरुवात दुसऱ्या टोकाने केली. आधी काम पाहिले आणि मग अभ्यास ठरवला.

कंपनीने विचार केला. दोन वर्षांची पदवी घेऊन आलेल्या माणसाला आमच्याकडे कोणती कामे मिळतील? त्या कामांना कोणते ज्ञान लागते? त्याची यादी झाली. यादीत संगणक होता, गणित होते. पण तेवढेच नव्हते. नीट लिहिता यावे, चार माणसांसमोर उभे राहून बोलता यावे, दुसऱ्याबरोबर जुळवून काम करता यावे, वेळ पाळता यावी, हेही त्या यादीत होते.

मग शिक्षक बसले, कॉलेजचे प्राध्यापक बसले. चौदावीच्या शेवटी हे सारे यायचे असेल तर तेरावीत काय हवे? बारावीत काय? असे एकेक पायरी खाली उतरत ते नववीपर्यंत आले. घर बांधताना गवंडी आधी छप्पर किती उंच हे ठरवतो आणि मग पाया खणतो. तसेच हे.

नववीत मुलगा आला की पहिले काम कच्चेपणा काढण्याचे. गणित आणि इंग्रजी यांना जादा वेळ दिला. शाळेचा दिवसही मोठा ठेवला. त्याबरोबर ‘कामाची ओळख’ असा एक तास असे. त्यात नोकरी म्हणजे काय, अर्ज कसा लिहावा, मुलाखतीला कसे बसावे, एखादी अडचण चौघांनी मिळून कशी सोडवावी, हे शिकवीत.

प्रत्येक मुलामागे कंपनीतला एक वडीलधारा माणूस असे. मुले त्याला पत्राने विचारीत, कधी समक्ष भेटत. ‘मला हा विषय जमत नाही, सोडून देऊ का?’ असे विचारणाऱ्या पोराला ‘थांब, मलाही जमत नव्हता’ असे सांगणारे माणूस लागतेच. शिकलेल्या घरात तो काका असतो, मामा असतो. जिथे असा काका-मामा नाही तिथे शाळेने तो मिळवून दिला. आम्हाला वाटते, या शाळेतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

वरच्या वर्गात गेल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत उमेदवारी असे. मुलगा कंपनीत जाई, खऱ्या कामाला हात लावी आणि पगार घेई. स्वतःच्या कमाईचे पैसे घरी आणणाऱ्या पोराची मान आपोआप ताठ होते. हे आपल्याला कोणी सांगायला नको.

जमले काय, अडले काय?

पहिल्या वर्षी सुमारे शंभर मुले-मुली आली. सहा वर्षांचा अभ्यास, म्हणून 2017 साली त्यांनी बाहेर पडावे असा हिशेब होता. पण 2015 साली, म्हणजे चारच वर्षांत, सहा विद्यार्थ्यांनी हायस्कूल आणि पदवी दोन्ही पुरी केली. त्यांतले काही कंपनीत नोकरीला लागले, काही पुढच्या कॉलेजला गेले. त्याआधीच शाळेचे नाव दूरवर गेले होते. 2013 च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांनी आपल्या वार्षिक भाषणात या शाळेचा उल्लेख केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते स्वतः शाळा पाहायला गेले.

हे झाले उजळ अंगाचे. आता दुसरे अंग पाहू.

कॉलेजचे विषय लवकर घेतले ते काही मुलांना झेपले नाहीत. पंधरा-सोळा वर्षांचे पोर आणि पुढ्यात कॉलेजचे गणित! कोणी कमी गुणांनी तरले, कोणी नापास झाले. कॉलेजच्या कागदावर एकदा नापासाचा शेरा पडला की तो सहजी पुसत नाही. घाई केली की असे होते. पी हळद नि हो गोरी, असे शिक्षणात चालत नाही. सहा वर्षांची मुदत ठेवली ती यासाठीच. कोणी चार वर्षांत जाईल, कोणाला सहा लागतील. आणि सहा वर्षांतही सर्वांची पदवी पुरी झाली, असे नाही.

मग शाळेचा उपयोग झाला की नाही, हे कसे ठरवायचे? समजा, दोन शेते आहेत. एकाला खत घातले, एकाला नाही. खताच्या शेतात पीक जास्त आले. पण ती जमीनच काळी असेल तर? खताचा गुण कसा कळणार? म्हणून जमीन सारखी घ्यावी लागते. शाळेचेही तसेच आहे. हुशार मुलेच आत घेतली तर शाळेचा गुण कोणता आणि मुलांचा कोणता, हे कळत नाही.

इथे त्या चिठ्ठ्यांचा उपयोग झाला. एमडीआरसी नावाच्या अमेरिकन संशोधन संस्थेने न्यूयॉर्क शहरातल्या अशा शाळांचा अभ्यास केला. ज्यांची चिठ्ठी निघाली ती मुले आणि ज्यांची निघाली नाही ती मुले, असे दोन गट तिने ताडून पाहिले. दोन्ही गटांनी अर्ज केला होता. फरक फक्त नशिबाचा. म्हणजे जमीन सारखी. तेव्हा असे दिसले की, पी-टेकच्या पद्धतीने शिकणारी मुले हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे विषय जास्त प्रमाणात घेत होती. उमेदवारीचे कामही त्यांना जास्त मिळत होते. पिकात चमत्कार नव्हता, पण खताचा गुण दिसला.

शंका आणि उत्तरे

अशी हकीकत ऐकली की मनात शंका येतात. त्या याव्यातच. दोन-चार शंका घेऊ.

‘अहो, कंपनी कशाला धर्म करील? तिचा यात काय फायदा?’

फायदा आहे, आणि तो उघड आहे. कंपनीला शिकलेली माणसे हवी असतात. बाहेरून माणूस शोधून आणायचा तर खर्च येतो. घराजवळची पोरे तयार झाली तर तो खर्च वाचतो. शिवाय नाव होते ते वेगळेच. म्हणून हा धर्म नव्हे, हा व्यवहार आहे. पण दोघांच्या फायद्याचा व्यवहार वाईट नसतो. मात्र तो लिहून झालेला बरा.

‘मग पोरं कंपनीची वेठबिगार तर होत नाहीत ना?’

ही शंका फार महत्त्वाची. पी-टेकच्या मुलांवर त्याच कंपनीत नोकरी करण्याचे बंधन नव्हते. पदवी सरकारी कॉलेजची होती. ती घेऊन मुलगा कुठेही जाऊ शकत होता. पदवीवर कंपनीचे नाव असते आणि ती फक्त तिच्याच दारात चालली असती, तर आम्ही या शाळेची हकीकत सांगितलीच नसती.

‘उद्या कंपनीनं हात काढून घेतला तर?’

धंदा आज चढता, उद्या उतरता. म्हणून शाळेची किल्ली कंपनीच्या हाती नसावी. इमारत आणि शिक्षक सरकारचे, पदवी कॉलेजची. कंपनी गेली तर उमेदवारी जाईल, सल्ला देणारे माणूस जाईल. नुकसान होईल खरे. पण शाळा उभी राहील.

‘कंपनीनं यादी दिली, मग पोरं तेवढंच शिकणार का? इतिहास, कविता, नागरिकाचं कर्तव्य, यांचं काय?’

अमेरिकेतही जाणत्या लोकांनी हा प्रश्न विचारला, आणि तो विचारत राहिलाच पाहिजे. शाळा माणूस घडवते, नुसता कामगार नव्हे. पी-टेकला इतर हायस्कूलांप्रमाणेच राज्याच्या परीक्षा होत्या. त्यात इतिहासही होता. यंत्रे बदलतात. आज शिकलेली कारागिरी दहा वर्षांत जुनी होते. तेव्हा उपयोगी पडते ते वाचणे, लिहिणे, हिशेब आणि विचार करणे. हा पाया कच्चा ठेवून वर कारागिरीचा मजला चढवला तर तो टिकणार नाही.

एकीच्या अनेक झाल्या

पी-टेक पाहून इतरांनीही मनावर घेतले. 2012 साली शिकागो शहरात अशा पाच शाळा निघाल्या. पुढे न्यूयॉर्क राज्याने ही पद्धत गावोगावी नेली. नंतर इतर देशांनीही ती घेतली. पण सगळीकडे संगणकच शिकवला असे नाही. जिथे जो धंदा, तिथे तो जोडीदार.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ‘एनर्जी टेक’ नावाची शाळा 2013 साली निघाली. तिचे जोडीदार म्हणजे शहराला वीज आणि गॅस पुरवणाऱ्या कंपन्या. ब्राँक्स भागात ‘हीरो हाय’ नावाची शाळा निघाली. तिचे जोडीदार एक मोठे रुग्णालय, कारण त्या भागात रुग्णालयात काम मिळते. वीजवाहिनी काय किंवा रुग्णालय काय, उठून दुसऱ्या देशात जात नाही. गावाला त्याची रोज गरज असते. म्हणून जोडीदार निवडताना तो कितपत टिकाऊ आहे, हेही पाहावे.

आपल्या दारात

आपल्याकडे या वाटेवर काहीच नाही, असे समजू नका. तालुक्या-तालुक्यांत आयटीआय आहेत. 1961 सालचा उमेदवारीचा कायदा आहे. ठरावीक आकाराच्या कारखान्यांनी उमेदवार घेतले पाहिजेत आणि त्यांना विद्यावेतन दिले पाहिजे, असे तो कायदा सांगतो. पुणे जिल्ह्यात पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला. तिथे मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती, विजेचे काम, असे हाताने करत शिकतात. ही कल्पना पुढे माध्यमिक शाळांतही गेली. गावाच्या खऱ्या गरजेचे काम करायचे आणि करता करता शिकायचे, ही तिथली रीत.

म्हणजे पुलाचे दगड आपल्याकडेही आहेत. ते एकमेकांना जोडायचे आहेत. हे जोडण्याचे काम सरकारचे, शाळेचे, कारखानदाराचे आहेच. पण ते आईबापांचेही आहे. उद्या तुमच्या गावच्या शाळेत एखादा कारखाना येईल. ‘आम्ही तुमची मुले तयार करतो,’ असे म्हणेल. तेव्हा त्याला चहा जरूर द्या. पण इतके प्रश्नही विचारा:

दाखला किंवा पदवी कोणाची? ती दुसरीकडे चालेल का?

उमेदवारीचा पगार किती? कामाचे तास किती? मूल शिकेल, की नुसते झाडलोट करील?

यंत्रावर काम करताना इजा झाली तर जबाबदारी कोणाची?

मुलींना तेच शिकवणार ना, जे मुलांना?

मूल अभ्यासात मागे पडले तर त्याला वेळ देणार, की काढून टाकणार?

कारखाना बंद झाला तर शाळेचे काय?

आणि शेवटचा प्रश्न. हे सगळे कागदावर लिहून देणार का?

लिहून दिले तर तो कागद स्वतः वाचा. एकदा वाचा, दोनदा वाचा. कळले नाही ते विचारा. मगच सही करा. तुम्ही वाचायला शिकलात त्याचा तुमच्या पोराला मिळणारा हा पहिला फायदा आहे.